नखाची पांढरी कड

प्रार्थना झाली की मुलांना रांगेत उभे करून त्यांची नखे तपासायची, ही आपल्या शाळांतली जुनी रीत. आज मला नखांविषयीच चार शब्द सांगायचे आहेत. पण सुरुवात करणार आहे ती फॅशनपासून. हसू नका. फॅशनच्या मागेही कुणाचे तरी काम आणि कुणाचा तरी हिशेब असतो.

आपले बोट जरा डोळ्यांसमोर धरा. नखाखालच्या भागात रक्त खेळते, म्हणून नख गुलाबी दिसते. जिथे ते बोटापासून सुटून पुढे वाढते, तिथे त्याची कड पांढरी दिसते. हीच गुलाबी-पांढरी जोडी रंगाने काढायची, याला ‘फ्रेंच मॅनिक्युअर’ म्हणतात. म्हणजे स्वच्छ नखाचे नखावरच काढलेले चित्र, म्हणा ना!

नाव फ्रेंच, पण जन्म अमेरिकेतला. हॉलीवूडच्या नट्यांना पोशाख बदलला की नखांचा रंगही बदलावा लागे, आणि त्यात चित्रीकरणाचा वेळ जाई. लॉस एंजेलिसच्या ओर्ली कंपनीचे संस्थापक जेफ पिंक यांनी 1970 च्या दशकात त्यावर तोड काढली: कोणत्याही पोशाखाला शोभेल असा, नखाचाच रंग. पुढे ही पद्धत पॅरिसच्या फॅशन प्रदर्शनांत गेली आणि ‘फ्रेंच’ हे नाव घेऊन परत आली. बाजारात नावाला किती मोल असते, ते तुम्ही जाणताच.

1990 च्या दशकात या पद्धतीची चलती होती. मग ती जुनाट ठरली. 2020 नंतर ती पुन्हा आली. मात्र आता पांढऱ्या कडेच्या जागी कुणी निळी, कुणी हिरवी, कुणी केसासारखी बारीक रेघ काढते.

आता आपल्याकडे वळू. स्वच्छ नखाची ही पांढरी कड आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांना जपता येत नाही. सकाळी घरची हळद कुटून आलेली मुलगी, केळीच्या बागेत हात लावून आलेला मुलगा, यांची नखे पिवळी-काळी दिसणारच. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इथे मळ आणि डाग यांत फरक करायला हवा. नखाखालचा मळ पोटात गेला तर जंत होतात; तो काढलाच पाहिजे, वाढलेली नखे कापलीच पाहिजेत. पण हळदीचा किंवा केळीच्या चिकाचा डाग म्हणजे अस्वच्छता नव्हे. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. डाग त्याच्याबरोबर पुढे सरकतो आणि कापला जातो. तोवर त्या मुलाला रांगेतून बाहेर काढू नका. नेलकटर द्या, साबण द्या, आणि डाग कोणत्या कामाचा ते आपुलकीने विचारा.