आहार, व्यायाम आणि वार्धक्य
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त आरोग्यावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल, तर त्याचे उत्तर बडोद्याच्या इतिहासातच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१० पासून गावोगावी वाचनालये उभी केली. त्याच काळात प्रा. माणिकराव आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावाचे व्यायाममंदिर याच शहरात चालवीत होते. पुढे दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध झाला, तोही बडोद्यातच. पुस्तक आणि तालीम ही दोन्ही या नगरीची दैवते. त्यांपैकी पहिल्याची पूजा आपण मराठी मंडळींनी मनोभावे चालू ठेवली. दुसऱ्याचे देऊळ मात्र आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणीच ओलांडले, ते पुन्हा त्याकडे फिरकलो नाही. त्याचे परिणाम साठीनंतर दिसू लागतात. आजचा विषय तोच आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. यात मोठा वाटा बालमृत्यू आणि साथीचे रोग आटोक्यात आल्याचा आहे. वर्षे मिळाली, परंतु त्यांतील शेवटची दहा-पंधरा वर्षे कशी जातात, हा प्रश्न शिल्लक राहिला. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख. तेव्हा ‘शतायुषी भव’ हा आशीर्वाद देताना त्या शंभर वर्षांपैकी किती वर्षे स्वतःच्या पायांवर, हेही विचारले पाहिजे.

प्रथम चयापचयाविषयी. आपण खातो त्या अन्नाचे शक्तीत आणि शरीराच्या घडणीत रूपांतर होणे, जुने झिजणे आणि नवे बांधले जाणे, या अखंड चाललेल्या व्यवहाराला चयापचय म्हणतात. चाळिशीत पोट सुटले की आपण म्हणतो, ‘आता वयानुसार पचन मंदावले.’ हा समज सोयीचा आहे, पण खरा नाही. २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकोणतीस देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींचा दैनंदिन ऊर्जाव्यय मोजलेला होता. सर्वांत लहान व्यक्ती आठ दिवसांची, तर सर्वांत मोठी पंचाण्णव वर्षांची. शरीराच्या आकारमानाचा आणि घडणीचा हिशेब लक्षात घेतल्यावर असे दिसले, की विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत हा व्यय जवळजवळ स्थिर राहतो. साठीनंतर तो दरवर्षी शेकडा पाऊण टक्क्याहून किंचित कमी अशा गतीने उतरत जातो. म्हणजे चाळिशीतल्या पोटाला जबाबदार आपले वय नाही. आपले ताट आणि आपली खुर्ची आहे.

या व्यवहारातील एक महत्त्वाचा भागीदार म्हणजे स्नायू. स्नायू केवळ ओझे उचलण्यासाठी असतात असे आपल्याला वाटते. वस्तुतः जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवून ठेवणारे ते शरीरातले सर्वांत मोठे कोठार आहे. कोठार लहान झाले, की आलेला माल रस्त्यावर पडून राहतो. रक्तातली साखर वाढते. मध्यम वयापासून हे कोठार हळूहळू आकसू लागते, आणि न वापरल्यास फार झपाट्याने आकसते.

आपल्या लोकांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर आहे, आणि ती दाखवून देण्याचे श्रेय पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे जाते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. उंचीच्या प्रमाणात दोघांचेही वजन अगदी सारखे. त्याचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के, आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के निघाले. दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त, अशी ही आपली भारतीय ठेवण. काट्यावर वजन योग्य दिसले म्हणून निर्धास्त राहण्याची सोय आपल्याला नाही.

ही ठेवण येते कोठून? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. एवढे वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावर मेद मात्र त्या प्रमाणात कमी नव्हता. कमी होते ते मुख्यतः स्नायू व इतर अवयव. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक भरलेली होती, असेही आढळले. याचा अर्थ असा, की म्हातारपणाचा पाया मातेच्या उदरात घातला जातो. घरातल्या सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी सून ही केवळ तिच्यापुरती उपाशी नसते. पुढच्या पिढीच्या साठीचा हिशेब तिच्या ताटात मांडला जात असतो.

आता आहाराकडे वळू. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जीवनसत्त्वे आणि क्षार पुरेसे देऊन, एकंदर अन्न मात्र बेताचे ठेवले, तेव्हा उंदीर अधिक काळ जगले. पुढे निरोगी, स्थूल नसलेल्या माणसांवर दोन वर्षे असा प्रयोग झाला. त्यांनी उष्मांक पंचवीस टक्क्यांनी कमी करावेत असे ठरले होते. प्रत्यक्षात साधले सुमारे बारा टक्के. तरीही रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा झाली. मात्र हाडांची घनता किंचित उतरली, हेही नोंदवले गेले. मिताहाराने माणसाचे आयुष्य वाढतेच, असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. परंतु अतिआहाराने ते बिघडते, याविषयी शंका उरलेली नाही. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक वायूसाठी मोकळा ठेवण्यास सांगितले होते. आपण मोकळा भाग मिठाईसाठी राखून ठेवतो, एवढाच फरक!

आपल्या मध्यमवर्गीय ताटाकडे जरा परक्याच्या नजरेने पाहा. भात, पोळी, बटाट्याची भाजी, आणि गुजरातच्या सहवासाने जडलेले फरसाण. पिष्ट आणि तेल भरपूर, प्रथिने मात्र चमचाभर. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीने रोज नाही तरी पंधरवड्याला खरी ठरते. याउलट, वृद्धांचे एक निराळेच चित्र दिसते: दात गेले, भूक मंदावली, म्हणून संध्याकाळी चहा-बिस्किटांवर किंवा मऊ भातावर भागवले जाते. त्याला आपण ‘हलका आहार’ म्हणतो. तो हलका खरा. पण त्यात स्नायूंना बांधायला विटा नाहीत.

साधारणपणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅमहून किंचित अधिक प्रथिने लागतात. साठीनंतर ही गरज कमी होत नाही, उलट वाढते. किलोमागे एक ते १.२ ग्रॅम असावीत, असे वृद्धांच्या आहाराचे अनेक तज्ज्ञ सांगतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला साठ ते बहात्तर ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात मिळतात सहा-सात ग्रॅम. पेलाभर दुधातही तितकीच. आता प्रत्येकाने आपापल्या ताटाची बेरीज घरी जाऊन करावी. मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, घट्ट वरण, दही, पिठले, शेंगदाणे, आणि ज्यांना चालतात त्यांनी अंडी व मासे, हे पदार्थ आपल्या स्वयंपाकघराला नवे नाहीत. फक्त त्यांची जागा ताटाच्या कडेवरून मध्यभागी यायला हवी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र यात डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून काही बदल करू नये.

परंतु नुसत्या विटा आणून घर उभे राहत नाही, गवंडी लागतो. तो गवंडी म्हणजे व्यायाम. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसलेले. कंडक्टर दिवसाला शेकडो पायऱ्या चढणारे-उतरणारे. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला, आणि झाला तरी तो उशिरा व कमी घातक होता. मुळातच धडधाकट माणसे कंडक्टर होत असतील, अशी शंका स्वतः मॉरिस यांनाच आली. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, तेव्हा चालकांची कंबर नोकरीच्या आरंभापासूनच मोठी असल्याचे दिसले! म्हणून त्यांनी पुढे सरकारी कारकुनांचाही अभ्यास केला, आणि खुर्चीवर काम करूनही मोकळ्या वेळात जोमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, हे दाखवले. मॉरिस २००९ साली वारले, तेव्हा नव्याण्णव वर्षांचे होते.

यापुढचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले. त्यांची श्रमक्षमता विलक्षण घसरली. तीस वर्षांनी, १९९६ साली, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांना संशोधकांनी पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची क्षमता जितकी उतरली होती, त्याहून अधिक ती तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांत उतरली होती! मग सहा महिने बेताबेताने व्यायाम दिल्यावर वयाने नेलेले त्यांनी परत मिळवले.

पन्नाशीचे ठीक, पण नव्वदीचे काय? १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातील सरासरी नव्वद वर्षांच्या दुर्बल रहिवाशांना आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंचा वजनांनिशी व्यायाम देण्यात आला. पूर्ण करणारे नऊ जण होते. त्यांची स्नायूंची शक्ती सरासरीने पावणेतीन पट झाली. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत तीतला जवळजवळ तिसरा हिस्सा पुन्हा गेला. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात: मिळवायला कधीच उशीर झालेला नसतो, आणि मिळवलेले बँकेत ठेवता येत नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या घरांतील एक रीत तपासून पाहू. घरातले वडीलधारे उठले, की आपण प्रेमाने म्हणतो, ‘तुम्ही बसा आई, मी आणते.’ ‘बाबा, बाजाराला तुम्ही कशाला? मी जातो ना.’ यात आदर आहे, माया आहे. पण तीन आठवडे निजवलेल्या त्या तरुणांचे स्मरण ठेवले, तर या मायेत एक धोकाही आहे. आपण एकेक काम हातातून काढून घेतो, आणि त्या कामाबरोबर एकेक स्नायू काढून घेतो. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि आपण म्हणतो, ‘वयच झाले होते.’ ज्येष्ठांची सेवा करावी, जरूर करावी; पण ज्याला भाजी निवडता येते, जिना चढता येतो, त्याच्याकडून ते हिरावून घेणे ही सेवा नव्हे. आणि ज्येष्ठांनीही ‘आता आम्ही निवृत्त’ या शब्दाचा अर्थ नोकरीपुरताच घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप सोपे आहे: आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे दमसास लागेल असे चालणे, दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, आणि ज्येष्ठांसाठी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. यासाठी यंत्रे लागत नाहीत. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहणे, कमाटीबागेत भरभर चालणे, एवढे पुरे. वाग्भटाने बलवानालाही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करायला सांगितला आहे. तेव्हा आरंभी घाई नको, आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासून घ्यावे.

एक खुलासा केल्यावाचून थांबणे बरे नव्हे. हे सर्व पाळूनही आजार होतात. आनुवंशिकता आहे, दारिद्र्य आहे, दैव म्हणा हवे तर, तेही आहे. आजारी माणसाकडे ‘याने पथ्य पाळले नसेल’ अशा नजरेने पाहणे हा अन्याय आहे. आहार आणि व्यायाम अमरपट्टा देत नाहीत. ते परावलंबनाचा काळ पुढे ढकलतात. आणि तेवढे मिळाले तरी ते थोडे नाही.

या संस्थेकडे माझी एक मागणी आहे. ज्येष्ठ सभासदांना पुस्तके घरपोच द्यावीत, अशी सूचना अनेक ठिकाणी पुढे येते. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्यासाठी ती अवश्य अमलात आणावी. पण ज्यांचे पाय चालतात, त्यांना मात्र येथवर चालत येऊ द्यावे. पुस्तक बदलायला आठवड्यातून तीनदा यावे लागले, तर वाचनही वाढेल आणि चालणेही. जिन्याला भक्कम कठडा, पायऱ्यांवर पुरेसा उजेड, आणि वाटेत टेकायला एक बाक, एवढे संस्थेने करावे; उरलेले सभासदांनी करावे. दुसऱ्या शतकातही येथील वाचक आपल्या पायांनी या पायऱ्या चढोत, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.