वऱ्हाडचा कापूस आणि लँकेशायरची लक्ष्मी

जेथें कपाशीचें एक झाडहि उगवत नाहीं, तें लँकेशायर एकोणिसाव्या शतकांत कापसावर गबर झालें. आणि ज्या दारव्ह्याच्या काळ्या जमिनींत कापूस पिकतो, तेथील शेतकरी मात्र सावकाराच्या वहींतून सुटला नाहीं. हें कसें घडलें?

कित्येक विद्वान हवामानाकडे बोट दाखवितात. थंड देशांतला माणूस उद्योगी, उष्ण देशांतला आळशी, असा त्यांचा अभिप्राय. त्यांनीं वैशाखाच्या उन्हांत वखर हांकणारा दारव्ह्याचा कुणबी पाहिलेला नसावा! शिवाय सतराव्या शतकांतहि येथील ऊन हेंच होतें, आणि तेव्हां हिंदी कापडाला युरोपांत एवढी मागणी होती कीं, पुढें १७०० व १७२१ सालीं इंग्लंडला कायदे करून त्यास अटकाव करावा लागला.

नंतर इंग्लंडांत यंत्रें निघालीं. मजुरी महाग आणि दगडी कोळसा स्वस्त, म्हणून यंत्रांवर पैसा घालणें तेथें परवडलें. यंत्राला कच्चा माल हवा. तो पुरविण्याचें काम वऱ्हाडच्या वांट्याला आलें. १८५३ च्या तहानें निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या कारभारांत दिला होताच. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथला कापूस अडला, आणि वऱ्हाडांत भाव कडाडले. युद्ध संपल्यावर ते उतरले. चढत्या भावाच्या भरंवशावर ज्यानें कर्ज काढलें, त्याचें कर्ज मात्र उभेंच राहिलें. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली.

दारव्ह्यावरून मूर्तिजापुरास जाणारी, अडीच फुटी रुळांची 'शकुंतला' ही त्याच वाटेची फांटी होती. ब्रिटिश भांडवलाच्या कंपनीनें ती विसाव्या शतकाच्या आरंभीं घातली, ती कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठीं. १९२३ पासून १९९४ पर्यंत तिला ओढणारें वाफेचें इंजिनहि मँचेस्टरचें! थोड्या गिरण्या सोडल्या तर सरकी काढणें आणि गाठी बांधणें एवढेंच काम वऱ्हाडांत होई. कातणें, विणणें, रंगविणें यांची कमाई दूर जाई.

नागपुरास जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ सालीं सुरू झाली. कापसाजवळच गिरणी काढण्याचा तो विचार चोख होता. परंतु लँकेशायरच्या आग्रहामुळें १८९६ पासून हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, आणि तो १९२५ पर्यंत टिकला. जपानजवळहि पुरेसा कापूस नव्हता. तो हिंदुस्थानांतूनच नेत असे. परंतु परदेशी मालावर किती जकात घ्यावी हें ठरविण्याचा पूर्ण अधिकार जपाननें १९११ सालीं परत मिळविला. हिंदुस्थानची जकात तेव्हां लंडनांत ठरत होती.