किल्लीवरून नोंदींची निवड
(विभागीय प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



संगणकाच्या आज्ञावलीत ‘डिक्शनरी’ नावाचा जो संग्रह योजतात, त्यातील प्रत्येक नोंदीस एक किल्ली व एक मूल्य असते. ‘शेतकऱ्याचे नाव’ ही किल्ली, तर प्रत्यक्ष नाव हे तिचे मूल्य. अर्जदाराच्या अशा संग्रहात नाव, गाव व क्षेत्र असते, तसाच बँक खात्याचा क्रमांकही असतो. दुसऱ्या कार्यालयाने केवळ नाव व गाव मागितले, तर तेवढेच कसे काढून द्यावे, हा आजचा विषय आहे.

याचे मार्ग दोन. नको त्या किल्ल्या वगळणे हा पहिला आणि हव्या तेवढ्याच घेणे हा दुसरा. पहिला सोपा वाटतो. परंतु उद्या अर्जात आधार क्रमांकाचा रकाना वाढला, तर वगळण्याच्या यादीत नसल्यामुळे तो निमूटपणे बाहेर जाईल. दुसऱ्या मार्गात नवा रकाना आपोआप आतच राहतो. संमतीने घेतलेली माहिती नेमक्या हेतूस आवश्यक तेवढीच वापरावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातही आहे. म्हणून दुसराच मार्ग श्रेयस्कर होय.

पायथन भाषेत ही निवड एका ओळीत लिहिता येते. ही सोय २००८ साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर आली. मात्र तीन पथ्ये पाळावीत. पहिले, मूळ संग्रहातून फिरत असतानाच त्यातील नोंदी खोडू नयेत. पायथन तेथे चूक दाखवून थांबते. निवडीचा नवा संग्रह करावा, म्हणजे मूळ दप्तर अबाधित राहते. दुसरे, हवी असलेली किल्ली सापडली नाही, तर ती गुपचूप गाळू नये. तशी स्पष्ट नोंद करावी. तिसरे पथ्य आपल्या लिपीचे आहे. ‘शेतकऱ्याचे’ मधील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखीच. संगणकाला मात्र त्या दोन भिन्न किल्ल्या. शब्दाअखेर राहिलेली मोकळी जागाही असाच घोटाळा करते. तेव्हा तुलनेपूर्वी किल्ल्यांना एकरूप द्यावे.

एखाद्या शेतकऱ्याचे नाव यादीतून गळाले, तर त्याचे अनुदान अडते. त्याचा खाते क्रमांक भलत्या हाती पडला, तर त्याची फसवणूक होऊ शकते. आज्ञावलीची ती एक ओळ लिहिताना या दोन्ही गोष्टींचे भान आपण ठेवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.