कामावर जातो, मग व्यसनी कसा?

आम्ही इंद्रलोकच्या बायका बोलतोय.

मागच्या बैठकीत आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या, "आमचे हे रोज घेतात, पण व्यसनी नाहीत हं! कामाला एक खाडा नाही." आम्ही गप्प बसलो. हेच वाक्य आमच्यापैकी कितीजणींनी म्हटलंय! म्हणून आज टोनी अ‍ॅडम्सची गोष्ट सांगतो.

हा इंग्लंडचा फुटबॉलपटू. आपली पोरं ज्या आर्सेनलचे टी-शर्ट घालून गल्लीत खेळतात, त्याच क्लबचा. १७व्या वर्षी पहिला सामना, २१व्या वर्षी कप्तान. १९८९मध्ये संघाने लीग जिंकली. दारू तेव्हाही होतीच. १९९०मध्ये पिऊन गाडी भिंतीवर घातली, चार महिन्यांची शिक्षा झाली. दोनेक महिन्यांनी सुटला आणि पुन्हा खेळू लागला. त्याच हंगामात संघ परत लीग जिंकला! आता अशा माणसाला आजारी कोण म्हणणार?

१९९६च्या युरो स्पर्धेत तो इंग्लंडचा कप्तान होता. स्पर्धा संपेपर्यंत त्याने दारूला हात लावला नाही. आपल्याकडे श्रावण पाळतात ना, तसंच. श्रावणात सोडली की आपण 'सुटली' म्हणून नारळ फोडतो. उपांत्य सामन्यात जर्मनीकडून हार झाली आणि हा पुढे काही आठवडे पीतच राहिला.

ऑगस्टमध्ये मात्र तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला गेला. मग संघातल्या सोबत्यांना स्वतःच सांगितलं, मला दारूचा आजार आहे. त्यानंतर सहा वर्षं खेळला, आणखी दोनदा लीग जिंकली. २०००मध्ये व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी उपचारकेंद्रही काढलं.

आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये मुक्तांगण सुरू केलं. तिथे पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. नवऱ्याची दारू झाकताना बाईचं काय होतं, ते तिथे बोलता येतं.

हे सगळं ऐकून ताई बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "पगार आणतात, पण मुलं त्यांच्याशी बोलत नाहीत." पुढच्या आठवड्यात त्या पुण्याला फोन करणार आहेत. आमच्यातल्या दोघी त्यांच्याजवळ बसणार आहेत. यजमानांना अजून सांगितलेलं नाही.