गल्लीची बातमी

अकोल्यातून ब्रिजलाल बियाणी यांचं ‘मातृभूमी’ निघालं, पुढे ‘देशोन्नती’ही तिथलंच. अमरावतीत ‘हिंदुस्थान’. रेडिओ मात्र बराच काळ नागपूरचा. ते केंद्र १९४८चं. दर्यापूरला पाऊस पडला की नाही, हे आम्ही नागपूरकडून ऐकायचो! मग अकोला-अमरावतीला आकाशवाणीची केंद्रं आली, केबलवर गावच्या बातम्या आल्या. त्यांत पुढाऱ्यांचे वाढदिवसच फार, हे कबूल.

पण नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावतीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. ते बंद होण्याआधी मोबाइलवर काय काय येऊन गेलं होतं! अकोल्याहून बहिणीचा फोन आला, ‘‘भाईजान, तुमची गल्ली जळाली म्हणतात.’’ मी गल्लीतूनच बोलत होतो. माझं नाव मुसलमानाचं, कविता मराठी, म्हणून फोन दोन्हीकडून. प्रश्न एकच, ‘‘तिकडे आमच्याबद्दल काय बोलून राहिले?’’ रात्रभर मी दाराच्या कडीकडे पाहत बसलो.

संचारबंदी सैल झाल्यावर समोरचे निवृत्त मास्तर पेपर घेऊन दारात आले. कुठे काय फुटलं, कोणाला अटक झाली, चौकांच्या नावांसकट छापलं होतं. गावातला वार्ताहर, चुकीचं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच चौकात लोक त्याची कॉलर धरतात.

‘‘आपल्या गल्लीचं यात काहीच नाही हो,’’ मास्तर म्हणाले.

मी त्यांना आत बोलावलं, चहा ठेवला. पेपर त्यांनी मला देऊन टाकला. शब्दकोडं तेवढं आधीच सोडवून ठेवलं होतं.