मीटर कोणाच्या हाती?



रिक्षाचा मीटर हे दिसायला लहानसे यंत्र. पण त्यात एक सामाजिक करार दडलेला आहे. भाड्याचा दर शासनाने ठरवावा, मीटर तपासून त्यास सील लावावे, आणि चालक व उतारू या दोघांनी एकच आकडा वाचावा, असा तो करार होय. मोटारवाहन कायद्याच्या ६७ व्या कलमाने दर ठरविण्याचा अधिकार राज्य शासनास दिला आहे. मोबाइलवरून वाहन मागविण्याची सोय झाली आणि हा आकडा कंपनीच्या संगणकात जाऊन बसला. उतारू किती भरतो हे चालकास कळेलच असे नाही. चालकाच्या पदरात काय पडते हे उतारूस कळत नाही.

जुने सरकारी नियंत्रण निर्मळ होते, असा दावा मात्र कोणी करू नये. १९९७ पासून २०१७ पर्यंत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत रिक्षांच्या परवान्यांची संख्या गोठविली गेली. परिणाम काय झाला? परवान्याला काळ्या बाजारात किंमत आली, आणि ज्याच्या नावे परवाना नाही तो चालक गाडीचे दिवसाचे पैसे मालकाला चुकते करून उरेल त्यावर घर चालवू लागला. भाडे नाकारणारा रिक्षावाला उतारूंच्या रोषाचा धनी झाला. तो रोष कंपन्यांच्या पथ्यावर पडला.

केंद्राने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकास मिळावा, गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीहून अधिक आकारू नये, असे त्यांत म्हटले होते. २०२५ च्या सूचनांनी दीडपटीची मर्यादा दुपटीवर नेली. मर्यादा कागदावर आणि हिशेब कंपनीपाशी. मग मोजायचे कोणी?

कंपन्या म्हणतात, चालक आमचा नोकर नाही, भागीदार आहे. महाराष्ट्रातील श्रमिकांना हा युक्तिवाद नवा नाही. बाजारपेठेतला व्यापारीही हमालाबद्दल हेच म्हणे: आज माझ्याकडे आला, उद्या दुसऱ्याकडे जाईल, मग मी मालक कसा? १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यावर तोड काढली. व्यापारी व हमाल या दोघांची मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर लेव्ही द्यायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची तरतूद व्हायची. पुण्यात हमाल पंचायतीची बांधणी करणाऱ्या बाबा आढावांनी रिक्षा पंचायतही बांधली. दोन्हीकडे प्रश्न एकाच जातीचा होता.

राजस्थानने २०२३ च्या कायद्यात प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क ठेवले. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता मात्र वार्षिक उलाढालीच्या एक-दोन टक्क्यांवरच समाधान मानते. उलाढालीचा हिशेब कंपनी मांडेल तसा. फेरी मात्र उतारू आणि चालक या दोन साक्षीदारांसमक्ष घडते. तेव्हा मागणी हवी ती फेरीनिहाय लेव्हीची, आणि चालकांचे प्रतिनिधी ज्यात बसतील अशा मंडळाची. एकूण भाडे, कंपनीने कापलेला वाटा आणि चालकास मिळालेली रक्कम, हे तीन आकडे प्रत्येक पावतीवर आले पाहिजेत. आणि परिवहन अधिकाऱ्यास जसा मीटर तपासता येतो, तसा कंपनीचा हा हिशेबही उघडून पाहता आला पाहिजे.