शस्त्रावरचा अंक हाही इतिहासाचा कागदच



जुन्या शस्त्रांच्या अभ्यासकांनी आपल्या परिषदेसाठी पांढरकवड्याला जमावे, याला इतिहासाचे कारण आहे. एप्रिल १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला कंपनी सरकारच्या कर्नल अ‍ॅडम्सने याच परिसरात गाठले आणि तिची वाताहत केली. जूनच्या सुरुवातीला बाजीराव कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली.

त्या लढाईत रिव्हॉल्व्हर असणे शक्य नव्हते. सॅम्युएल कोल्टचे अमेरिकेतले पेटंट १८३६ चे. तो काळ ठासणीच्या बंदुकांचा. कंपनी सरकारच्या बंदुकीच्या लॉकवर, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेवर, साधारण १८०८ पर्यंत बदामाच्या आकाराची खूण असे, तिचे चार भाग पाडून त्यांत कंपनीची आद्याक्षरे कोरलेली. पुढे तिची जागा पंजांत मुकुट धरून उभ्या असलेल्या सिंहाने घेतली. आपल्या भागातल्या एखाद्या वाड्यात सिंहाची खूण असलेली बंदूक निघाली, तर तिचे लॉक १८०८ च्या आसपासचे किंवा त्यानंतरचे, एवढे आपण म्हणू शकतो. ती १८१८ च्या लढाईत होती, हे मात्र तो सिंह सांगत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा हवा. आपल्या विद्येची पहिली शिस्त हीच: खूण जेवढे सांगते तेवढेच मानायचे, आणि ती सांगते ते एक अक्षरही सोडायचे नाही.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत ही शिस्त जास्तच लागते, कारण त्याच्यावर अंक पुष्कळ असतात आणि प्रत्येक अंकाचे काम निराळे असते. नळीवर कोरलेली तारीख बहुधा पेटंटची असते. नवखा माणूस तीच बनावटीची तारीख समजतो आणि हत्याराचे वय वीस-वीस वर्षांनी चुकवतो. स्मिथ अँड वेसन घ्या. तिचा अनुक्रमांक मुठीच्या बुडाशी असतो. चक्री बाहेर झुकवली की चौकटीवर आणखी अंक दिसतात. त्यांतले काही जुळणीच्या वेळी कारागिरांनी टाकलेले, सुटे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. त्यांना अनुक्रमांक समजून शोध घेतला, तर तो भलत्याच हत्यारापाशी जाऊन थांबतो. या कंपनीने मॉडेलला आकडे देण्याची पद्धत १९५७ मध्ये सुरू केली. तोवर जे ‘मिलिटरी अँड पोलीस’ म्हणून ओळखले जाई, ते तेव्हापासून ‘मॉडेल १०’ झाले. म्हणून कोणी ‘१९४० चे मॉडेल १०’ म्हणून वस्तू दाखवली, तर आधी चक्री झुकवून चौकट पाहा. दुसऱ्या महायुद्धातल्या रिव्हॉल्व्हरच्या अंकाआधी ‘व्ही’ हे अक्षर आढळते, आणि त्या एका अक्षराने काळ निश्चित होतो.

नळी बाराचा दाब सोसते का हे तपासून मारलेले चाचणीचे ठप्पेही असेच बोलके असतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ चे, तिथला ठप्पा वेगळा, लंडनचा वेगळा. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ अशी अक्षरे दिसली की वस्तू बेल्जियममधल्या लिएजची, आणि वर मुकुट असेल तर ती १८९३ नंतर तपासलेली. परदेशी खुणांबरोबर घरच्या खुणाही शिकल्या पाहिजेत. ‘आरएफआय’ म्हणजे ईशापूरची रायफल फॅक्टरी. पुण्याजवळची खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ पासूनची, तिच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ आणि सालाचे आकडे असतात. वरणगावच्या फॅक्टरीची अक्षरे ‘ओएफव्ही’. ही अक्षरे वाचता येणारी माणसे महाराष्ट्रात वाढली पाहिजेत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे लोक विचारतात. उत्तरादाखल मी एकच उदाहरण देतो. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्स या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी झाडली, त्यानंतर भगतसिंगांनी. भगतसिंगांचे ते पिस्तूल, .३२ बोअरचे कोल्ट ऑटोमॅटिक, पुढे कुठे गेले हे देशाला कित्येक दशके माहीत नव्हते. खटल्याच्या कागदांत मात्र त्याचा नंबर होता: १६८८९६. जुपिंदरजित सिंग या पत्रकाराने तो नंबर धरून माग काढला. पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून काही शस्त्रे १९६९ मध्ये इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात गेली होती. तिथे हे पिस्तूल इतर हत्यारांत पडून होते. गंज लागू नये म्हणून त्यावर काळा रंग दिलेला होता. तो रंग खरवडला, तेव्हा खालून तोच नंबर निघाला. आज ते पंजाबात हुसैनीवाला इथे लोकांना पाहता येते. तो अंक कोणी कागदावर लिहून ठेवला नसता, किंवा पोलादावरून घासून टाकला असता, तर ते पिस्तूल कधीच ओळखू आले नसते.

आपल्या विदर्भाचे उदाहरण ताजे आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार परत मिळवली. पाते युरोपीय धाटणीचे, पण त्यावर सोन्याच्या पाण्याने ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि रघूजींचे नाव देवनागरीत लिहिलेले आहे. ती अक्षरे नसती तर बाजारात ती एक चांगली जुनी तलवार म्हणून विकली गेली असती.

म्हणून संग्राहकांना माझे कळकळीचे सांगणे आहे: झिलईचा मोह टाळा. पॉलिश पेपर आणि बफिंगच्या चाकाने हत्यार चकाकते, पण उथळ ठप्पे कायमचे जातात. मऊ कापड आणि थोडे तेल पुरते. बाजूने तिरका उजेड पाडून फोटो घ्या, भिंगातून पाहा, आणि दिसेल ते अक्षर जसेच्या तसे, जागेसह लिहा. अस्पष्ट अंकाच्या जागी अंदाजाने आकडा भरू नका, रिकामी जागा सोडा.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे आठवे कलम ओळखखुणा पुसणे, बदलणे किंवा खोट्या घालणे यांना मनाई करते. अंक खोडणाऱ्याला वाटते, काम झाले. पण ठप्पा मारताना अंकाखालचे पोलादही दबलेले असते. त्यामुळे वरचा थर घासला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून तो अंक पुष्कळदा पुन्हा उठवता येतो. जुन्या वस्तूंना मिळणारी सूटही समजून घ्या: पुरातन असूनही दुरुस्तीने चालू शकणारे हत्यार त्या सवलतीत बसत नाही. परवाना आवश्यक असूनही तो न घेता वस्तू संग्रहात ठेवणारा माणूस अभ्यासक नव्हे, आणि अशाला या परिषदेत स्थान नसावे.

आता माझी मागणी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुका-पिस्तुलांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि आजोबा-पणजोबांची हत्यारे घराबाहेर पडू लागली. जमा झालेले किंवा मुद्देमालातले जुने शस्त्र मोडीत काढण्याआधी त्याचे सर्व ठप्पे, अंक आणि फोटो नोंदवून ती नोंद पुराभिलेखागारात ठेवावी, असा ठराव या परिषदेने करून शासनाकडे पाठवावा. पोलिसांना या कामी अभ्यासकांची मदत लागली, तर आपण ती विनामोबदला द्यावी. आणि ज्यांच्या घरी परवान्याचे जुने हत्यार आहे, त्यांनी परवान्याची जुनी पुस्तके रद्दीत देऊ नयेत. कोणते हत्यार कोणाकडून कोणाकडे गेले, हे त्या पानांवरच लिहिलेले असते. उद्याच्या अभ्यासकाला तेवढाच धागा पुरेल, तो आपण आज जपून ठेवू या.